कंट्रोलर की टीकॅस? हवेतल्या तीस सेकंदांचा नियम

12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ. दिल्लीहून उडालेल्या सौदिया या सौदी विमान कंपनीच्या बोइंग 747 ला 14,000 फुटांवर राहायला सांगितलं होतं. समोरून दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन 76 ला 15,000 फुटांची मर्यादा होती. इल्युशिन त्याखाली उतरत गेलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. 349 माणसं गेली, कुणीच वाचलं नाही. विमानांच्या हवेतल्या टकरीत इतके बळी ना त्याआधी गेले होते, ना त्यानंतर गेले.

न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने दोष कझाक वैमानिकांना दिला. मला मात्र जास्त अस्वस्थ करते ती कंट्रोलरची, म्हणजे जमिनीवरून रेडिओवर विमानांना सूचना देणाऱ्या माणसाची, अवस्था. त्याच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. वैमानिक रेडिओवर सांगेल तीच उंची खरी मानायची, आणि येणारी-जाणारी विमानं एकाच हवाई मार्गावर. पुढे दिल्लीत येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमानात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली. हीच ती टीकॅस.

टीकॅसचं काम समजायला सोपं आहे. ती साधारण सेकंदाला एकदा 1030 मेगाहर्ट्झवर रेडिओ-हाक देते. आसपासच्या विमानांचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे अशा हाकेला आपोआप उत्तर देणारी रेडिओ-यंत्रं, 1090 मेगाहर्ट्झवर उत्तर देतात आणि त्यातच स्वतःची उंची कळवतात. उत्तर यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. पण यंत्रणा निर्णय घेते तो टकरीला उरलेल्या वेळेवरून: अंतर भागिले जवळ येण्याचा वेग. समोरासमोरची दोन जेट विमानं प्रत्येकी ताशी 900 किलोमीटरने येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर दर दोन सेकंदांना एक किलोमीटरने घटतं. इतक्या वेगात 15 किलोमीटर म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट.

जास्त उंचीवर टक्कर पाऊण मिनिटावर आली की ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा मिळतो. अर्ध्या मिनिटावर आली की थेट हुकूम: ‘क्लाइंब’ (चढा) किंवा ‘डिसेंड’ (उतरा). इथे दोन्ही विमानांच्या टीकॅस आपसात ठरवून घेतात. एकीने वर निवडलं की दुसरी खाली निवडते. दोघींनी एकाच क्षणी तीच दिशा निवडली तरी उत्तर तयार असतं. प्रत्येक ट्रान्सपॉन्डरला स्वतःचा क्रमांक असतो, आणि ज्याचा क्रमांक मोठा तो आपली दिशा बदलतो. वाद संपला.

मग घोळ कुठे झाला? माणसाने ऐकायचं कुणाचं, इथे. 31 जानेवारी 2001 ला जपानमध्ये एका विमानाला कंट्रोलरने उतरायला सांगितलं, तेव्हा त्याची टीकॅस चढायला सांगत होती. वैमानिक उतरला. दोन्ही विमानांत मिळून 677 माणसं होती, आणि शेवटच्या क्षणी जोरात हिसका देऊन टक्कर टळली. दीड वर्षाच्या आतच, 1 जुलै 2002 च्या रात्री, जर्मनीतल्या युबरलिंगेनवर नेमकं तेच घडलं. झुरिकच्या कंट्रोलरने रशियन टुपोलेवला उतरायला सांगितलं, टीकॅस म्हणाली चढा. टुपोलेव उतरलं. समोरचं मालवाहू बोइंग आपल्या टीकॅसचं ऐकून उतरतच होतं. 71 मृत्यू, त्यांत 52 मुलं. जपानचा इशारा जगाने वेळेत मनावर घ्यायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियमात संदिग्धता ठेवली नाही: कंट्रोलर आणि टीकॅस यांचं सांगणं उलटसुलट असेल तर टीकॅसचं ऐकायचं. वैमानिकाने पाच सेकंदांत हालचाल सुरू करायची आणि ‘टीकॅस आरए’ (टीकॅसचा हुकूम आलाय) एवढंच कळवायचं. हे ऐकल्यावर कंट्रोलरने त्या विमानाला दिशा वा उंची बदलायला सांगायचं नाही. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) कानावर येईपर्यंत थांबायचं. अनुभवी कंट्रोलरला हे गप्प बसणं जड जात असणार. पण रडारची फिरती नजर त्या विमानावर परत येईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढ्यात ही विमानं दोनेक किलोमीटर जवळ आलेली असतात. कंट्रोलर बघतो ते थोडं जुनं चित्र असतं. पुढे टीकॅसच्या 7.1 आवृत्तीत आणखी एक सुधारणा झाली: समोरचं विमान हुकूम पाळत नाहीये हे लक्षात आलं, की यंत्रणा आपलाच हुकूम फिरवते.

जमिनीलगत मात्र टीकॅस चढा-उतरा सांगत नाही. सुमारे हजार फुटांखाली ते हुकूम बंद असतात, कारण तिथे ‘उतरा’ म्हणणंच घातक. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकलं ते सुमारे 300 फुटांवर, आणि 67 जण गेले. वैमानिकांना ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू आलं होतं, पुढचा हुकूम येणार नव्हता. आसपासच्या विमानांनी प्रसारित केलेली जागा आणि उंची थेट कॉकपिटमध्ये दिसावी, ही शिफारस अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने 2008 पासून लावून धरली आहे.