मानसशास्त्रज्ञाचं काम आणि रोजच्या जगण्यातलं मानसशास्त्र : खान्देश

माणूस विचार कसा करतो, घाबरतो का, सवयी लागतात कशा आणि सुटतात कशा याचा अभ्यास करणारा, आणि त्या अभ्यासाच्या आधारावर लोकांना मदत करणारा माणूस म्हणजे मानसशास्त्रज्ञ. तो औषधाची चिठ्ठी लिहून देत नाही. त्याचं काम बोलण्याचं, त्याहून जास्त ऐकण्याचं, आणि ऐकलेल्यातून काय बदलता येईल ते समोरच्यासोबत बसून शोधण्याचं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत अजूनही कितीतरी घरांत त्याला ‘येड्यांचा डॉक्टर’ म्हणतात आणि या एका शब्दापायी लोक वर्ष वर्ष अंगावर काढतात, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिली आहे.

कोण कोण असतं

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, तो एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर, गोळ्या तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए करून पुढे क्लिनिकलचं खास शिक्षण घेतलेला, आजवर हा रस्ता मुख्यतः एम.फिल.चा होता, आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. काउन्सेलर हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो, चार दिवसांचा कोर्स करूनही लोक पाटी लावतात, त्यामुळे जाण्याआधी ‘तुमचं शिक्षण काय’ असं सरळ विचारावं, त्यात काहीच वावगं नाही. बऱ्याच वेळा गोळ्या आणि बोलणं दोन्ही सोबत लागतं, एक घेतलं म्हणजे दुसरं सोडायचं असं नसतं.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खान्देशात एकही नाही. पण सगळ्यांना मनोरुग्णालय लागतच नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, १९९६ पासून त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग आला, आणि जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते ती त्यातूनच. तरी गरज आणि उपचार यांत दरी मोठीच आहे, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी ती ७० ते ९२ टक्के निघाली होती, म्हणजे दहातल्या सात ते नऊ जणांना उपचार मिळतच नव्हते.

लोक येतात ते शरीराची तक्रार घेऊन

‘मला डिप्रेशन आहे’ असं म्हणत कोणी येत नाही, निदान आपल्याकडे खेड्यातून येणारं तरी नाही. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, पोटात गोळा, डोकं जड, अन्न गोड लागत नाही. अहिराणीत सांगणारा म्हणतो ‘जीव घाबरस’, ‘मन लागत नही’, ‘डोकामा इचार फिरतस’. आधी ईसीजी निघतो, मग सोनोग्राफी, मग कोणीतरी गॅस सांगतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात तुला काहीच झालेलं नाही, उगाच पैसे गेले. इथेच माणूस जास्त खचतो, कारण त्रास तर खरा असतो. पॅनिक अटॅकमध्ये शरीरातली धोक्याची घंटा धोका नसताना वाजते, श्वास भराभर चालतो, त्यामुळे मुंग्या येतात, चक्कर येते, त्याने भीती अजून वाढते आणि भीती वाढली की श्वास अजून भराभर. बहुतेक वेळा दहा मिनिटांत याचा कळस होऊन ते उतरायला लागतं. हे चक्र कागदावर काढून दाखवलं की कित्येकांचा निम्मा भार तिथेच उतरतो. हृदय वगैरे आधी डॉक्टरकडून तपासून घ्यावंच, ते टाळू नये.

पहिल्या भेटीत काय होतं हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. झोप, भूक, काम, घरात कोण कोण, हे कधीपासून, त्याआधी काय घडलं होतं, दारू आहे का, जीव द्यावासा वाटतो का, असं सगळं विचारतात. पीएचक्यू-९ नावाची, उदासी किती आहे ते बघणारी नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते २७, आणि १० किंवा वर गेले की नीट तपासणी करायची. प्रश्न छापील मराठीत असतात, ‘कामात रस वाटतो का’ असं वावरात राबणाऱ्या आप्पांना विचारलं तर ते हो म्हणून मोकळे होतील, कारण रस असो नसो वावरात जावंच लागतं. तोच प्रश्न ‘आप्पा, यंदा पोळ्याला बैल सजवायचं मन झालं का’ असा विचारला की ते गप्प बसतात, खाली बघतात, आणि मग खरं बोलणं सुरू होतं. चांगला मानसशास्त्रज्ञ आणि नुसता फॉर्म भरणारा यांतला फरक मला इथे दिसतो. तिथे बोललेलं गुप्त ठेवणं हे त्याच्यावर बंधन आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पेशंटला तो हक्क दिलाय, भाऊबंदांना किंवा सोयरिकीवाल्यांना काही सांगता येत नाही, फक्त जिवाला धोका वगैरे अपवाद असतात.

पुढच्या भेटींत काय करायचं ते त्रासावर ठरतं. उदासीमध्ये छोटी छोटी कामं परत सुरू करायला लावतात, मन लागेल तेव्हा करू असं न म्हणता आधी करायचं, मन मागून येतं. भीतीत थोडं थोडं सामोरं जायचं, १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान पोराजवळ त्याच्या आवडीचं खाणं देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि भीती गेली, आजही अपघातानंतर मोटरसायकलला हात न लावणाऱ्याला याच पायरीपायरीने आणतात. आणि विचारांवर काम करायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, मराठीत ती कि. मो. फडके यांनी पोचवली. समजा लग्नात आहेराला टॉवेल-टोपी मिळाली नाही आणि माणूस दोन वर्षं त्या घराची पायरी चढला नाही. एलिस म्हणतील, टोपी न मिळाल्याने वाईट वाटणं साहजिक आहे, पण दोन वर्षं जाळतोय तो ‘माझा मान सगळ्यांनी ठेवलाच पाहिजे’ हा हट्ट. आमच्याकडे मानपानावरून तुटलेली नाती मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरणार नाहीत, त्यामुळे हे उदाहरण इथे लगेच पटतं.

भगत, बडवा आणि अंगात येणं

बहुतेक लोक आधी भगताकडे, म्हणजे मंत्र-दोरे करणाऱ्याकडे जाऊन आलेले असतात, सातपुड्यात त्यालाच बडवा म्हणतात. ‘बाहेरचं झालंय’, ‘करणी केली’, ‘वारं लागलं’. यावर चिडून उपयोग नाही, कारण भगत त्या माणसाच्याच भाषेत बोलतो, त्याला वेळ देतो, घरच्यांसमोर बसवतो. मात्र फिट येणाऱ्या पोराला महिनोन्महिने दोरे बांधत बसले तर मेंदूचं नुकसान होऊ शकतं, तिथे वेळ घालवणं चालत नाही.

अंगात येणं हे दर वेळी आजारात मोडतंच असं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातली कानबाई देवी घरोघरी बसते तेव्हा, किंवा चैत्रात वणीच्या गडाला सप्तशृंगीच्या दर्शनाला पायी जाताना कोणाच्या अंगात आलं, गावाने ते मानलं, आणि थोड्या वेळाने ती बाई आपल्या कामाला लागली, तर मानसशास्त्र त्याला विकार म्हणत नाही. निदानाची आंतरराष्ट्रीय पुस्तकंसुद्धा असंच सांगतात, की समाजाच्या रीतीत बसणारी आणि त्रास न देणारी अवस्था वेगळी. पण नको असताना, कुठेही, पुन्हा पुन्हा येत असेल आणि बाई त्यात झिजत असेल तर बघावं लागतं, कित्येकदा तिला घरात जे बोलताच येत नाही तेच तेव्हा बाहेर पडत असतं. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासरचं सगळं गाण्यात ओततात, तेवढी एक जागा तरी आपल्या जुन्या बायांनी राखून ठेवली होती.

एखाद्या बाईला डाकीण म्हणजे चेटकीण ठरवणं हा मात्र सरळ अत्याचार आहे. नंदुरबारच्या डोंगराळ भागात पोर दगावलं, जनावर मेलं, की कारण शोधताना बोट एखाद्या एकट्या, बहुतेक वेळा विधवा बाईकडे जातं. न कळणाऱ्या दुःखाला कारण हवं असतं आणि ते कमजोर माणसावर टाकणं सोपं असतं, हे मानसशास्त्र समजावून सांगतं, पण समजलं म्हणून ते माफ होत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याला गुन्हा मानतो.

वावर, कर्ज आणि जीव

एनसीआरबी म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सगळ्यात जास्त. रावेर-यावलकडे उभी केळी मे-जूनच्या एका वादळात आडवी होते, कपाशीचं तर सगळ्यांना माहीतच आहे. फक्त समुपदेशनाने कर्ज फिटत नाही आणि तसं कोणी म्हणूही नये. पण कर्ज असलेले सगळेच जीव देत नाहीत, मधे झोप उडालेली असते, दारू वाढलेली असते, आणि आता काही रस्ताच नाही असं वाटणारा तो काळ असतो. तो काळ बऱ्याचदा सरतो, म्हणून फवारणीचं औषध घरात खाटेखाली न ठेवता कुलपात किंवा दुसरीकडे ठेवणं याने खरोखर जीव वाचतात, श्रीलंकेत जास्त विषारी कीटकनाशकांवर बंदी आली तेव्हा आत्महत्या बऱ्याच घटल्या होत्या. आणि ‘नाना, जीव द्यायचा विचार येतो का’ असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. २०१७ च्या कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा तीव्र तणावात होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही. टेलिमानस ही सरकारची मोफत फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं.

उपचाराबाहेरचं मानसशास्त्र

२०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात भाव खाली आला तरी लोकांनी घराघरात, झोपायच्या खोलीतसुद्धा कापूस भरून ठेवला, अंगाला खाज सुटली तरी विकला नाही. टव्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की एकदा ऐकलेला आकडा मनात खुंटीसारखा रुततो आणि पुढचे सगळे अंदाज त्याच्याभोवतीच फिरतात. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही, खर्च वाढलेला होता आणि आशा खोटी नव्हती, फक्त खुंटी कुठली हे कळलं तर थोडा थोडा माल टप्प्याने विकायचं सुचू शकतं.

सट्टा, मटका, मोबाईलवरची रमी यांचंही तसंच. बक्षीस दर वेळी मिळालं असतं तर सवय इतकी चिवट झाली नसती, कधी मिळतं कधी नाही म्हणूनच ती सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पोरगा ‘वाया गेला’ म्हणण्याआधी घरच्यांनी हे समजून घ्यावं.

अभ्यासाचं थोडक्यात : स्मरणाचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडलं की वाचलेलं बहुतेक पहिल्या काही दिवसांतच विसरतं आणि अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं, तरी जळगावच्या अभ्यासिकांमध्ये पोरं रात्रभर रट्टा मारतात. भुसावळकडे तर ‘सायको’ हा शब्दच परीक्षेचं नाव झालाय. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणजे इंजिनचा सहायक चालक व्हायला लक्ष, स्मरण, वेग तपासणारी चाचणी असते, तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोर लागतो आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. ४२ म्हणजे ४२ टक्के नव्हे, टी-स्कोरमध्ये सरासरी ५० धरलेली असते. हजारो प्रवाशांचा जीव ज्याच्या हातात, त्याचं लक्ष कसं आहे हे बघणं हेही मानसशास्त्रज्ञांचंच काम.

थोडा इतिहास

मानसशास्त्र तत्त्वज्ञानातून वेगळं झालं. वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१५ मध्ये प्रयोगशाळा आणि १९१६ मध्ये स्वतंत्र विभाग झाला. त्याच १९१६ मध्ये आपल्या अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, मनाचा विचार करायला देशभरचे अभ्यासक खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी येत होते, याचा अभिमान वाटतो.

चाचण्या आणि भाषा

बुद्धिमापनाची पहिली नीट चाचणी बिने यांची, १९०५ ची, पॅरिसमधली. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, नागपूरला ए. जे. मालिन यांनी मुलांच्या आणखी चाचण्या भारतीय केल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजारही आले, म्हणून दाखल्यासाठी, परीक्षेतल्या जादा वेळेसाठी पालकांची रांग असते.

इथे चूक झाली तर पोराचं आयुष्य वळतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या, घरात पावरी नाहीतर भिली बोलणाऱ्या सात वर्षांच्या पोराला मराठीत शब्दांचे अर्थ विचारले तर तो गप्प बसणारच, आणि त्या गप्प बसण्याचा शून्य मांडला तर कागदावर हुशार पोर मंद ठरतं. अशा वेळी शब्द न लागणाऱ्या चाचण्या घ्याव्यात, आकृत्या जुळवणं, ठोकळे बसवणं, आणि रोजच्या वागण्याबद्दल आईला विचारावं : संध्याकाळी शेळ्या मोजून आत घेतो का, बाजारातून सुटे पैसे बरोबर आणतो का, धाकट्या भावाला सांभाळतो का. आईकडून हे सगळं तासाभरात कळतं, फक्त पावरी येणारी एखादी आशाताई नाहीतर शाळेचे गुरुजी सोबत बसवावे लागतात.