फ्लेक्सवरच्या जाड अक्षरांची पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे बॅनर पाहा, नाहीतर आर्वी-पुलगावकडच्या कृषी केंद्रांच्या पाट्या. जाड, सगळीकडे सारख्या रेघेचं, कंपासनं गोल काढलेलं अक्षर आता गावोगावी दिसतं. या घडणीचं मूळ जर्मनीत आहे. पाउल रेनर यांनी वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर बेतलेला ‘फ्युचुरा’ हा टाइप १९२७ मध्ये बाजारात आला आणि जाहिरातवाल्यांनी तो उचलून धरला.

देवनागरीला हे सहज मानवणारं नव्हतं. आपलं अक्षर तिरक्या कापाच्या बोरूतून घडलं, त्यामुळे त्याची रेघ कुठे जाड, कुठे बारीक. छापखान्याच्या खिळ्यांनीही बराच काळ तेच वळण जपलं. गावात मात्र पेंटर होता. बियाण्यांची, कीटकनाशकांची भिंतीवरची जाहिरात धावत्या एसटीतून वाचता यायला हवी, म्हणून त्यानं चपट्या ब्रशनं रेघ जाड आणि सरळ केली. इकडच्या डोळ्यांना या अक्षराची सवय फ्लेक्सनं नाही, पेंटरनंच लावली, असं माझं मत.

पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आली. ‘श्रीलिपी’सारख्या पॅकेजांचं कोडिंग आपापलं, त्यामुळे एका दुकानातली फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा कोड सगळीकडे एकच, त्यामुळे युनिकोड फॉन्टांनी ही कटकट मिटवली. २०१४ मध्ये इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ आला. त्याची देवनागरी निनाद काळे यांची. भौमितिक घडणीत देवनागरी आणि रोमन एकत्र, हलक्यापासून अतिजाडपर्यंत नऊ वजनं (जाडीच्या पायऱ्या), आणि फुकट! मग तो सगळीकडे पसरला यात नवल नाही.

जाडपणाची खरी परीक्षा जोडाक्षरांत होते. तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात ‘राष्ट्रसंत’ हा शब्द शाळांवर, कमानींवर, सभामंडपांवर लिहिलेला असतो. त्यातला ‘ष्ट्र’ आडवा मांडला तर रुंदी खातो. एकाखाली एक रचला तर अक्षरांची पोटं बुजतात आणि लांबून नुसता काळा ठिपका दिसतो. वर शिरोरेघही तेवढीच जाड हवी, म्हणजे मात्रा-अनुस्वारांना जागा आणखी कमी. चांगला फॉन्टकार अशा ठिकाणी रेघ गुपचूप बारीक करतो. ‘सारखी रेघ’ ही बरीचशी नजरेची फसवणूकच असते.

म्हणून हे अक्षर नावाला, नाटकाच्या शीर्षकाला, ‘खत उपलब्ध’ एवढ्या मजकुराला शोभतं. ग्रामसभेची आख्खी नोटीस त्यात लावली तर दुसऱ्या ओळीला वाचणारा कंटाळतो. तिथे त्याच फॉन्टचं मध्यम वजन घ्यावं. फ्लेक्सवर आणखी एक घोळ होतो. जागा भरायची म्हणून ऑपरेटर नाव आडवं ताणतो. मग उभ्या रेघा फुगतात, आडव्या तशाच राहतात, आणि ‘ठ’चं वर्तुळ अंड्यासारखं होतं. ताणण्यापेक्षा अक्षराचा आकार वाढवावा, नाहीतर बाजूची जागा मोकळी सोडावी. फोटोंची रांग एकानं कमी केली तरी भागतं, पण ते ऑपरेटरच्या हातात नसतं.