आयलाइफ

आयलाइफ : घरातील छायाचित्रे, चित्रफिती, गाणी आणि हौशी ध्वनिमुद्रणे संगणकावर एकत्र आणणे, त्यांची नीट मांडणी करणे आणि त्यांतून अल्बम, लघुपट किंवा डीव्हीडी तयार करणे, या कामांसाठी ॲपल या अमेरिकन कंपनीने आपल्या मॅक संगणकांकरिता काढलेला आज्ञावलींचा संच. या नावाने तो जानेवारी २००३ मध्ये विक्रीस आला; २०१० मधील आवृत्ती ही त्याची शेवटची ठरली. त्यातील काही घटक आजही स्वतंत्रपणे चालू आहेत, काही पूर्णपणे लुप्त झाले आहेत.

संचाची सुरुवात त्याच्या नावाआधी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, आयमूव्ही या चलच्चित्र संकलनाच्या आज्ञावलीपासून होते. मिनी-डीव्ही फीत वापरणारे कॅमकॉर्डर त्या सुमारास सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागले होते. या फितीवर चित्रण अंकीय स्वरूपात साठत असल्याने अंकीय माहिती वेगाने वाहून नेणाऱ्या फायरवायर केबलमधून ते संगणकात घेताना त्याचा दर्जा मुळीच घसरत नसे. व्हीएचएस कॅसेटची दोन यंत्रे जोडून केलेल्या प्रतीत, आणि त्या प्रतीच्या प्रतीत, चित्र कसे फिकट आणि गढूळ होत जाई हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ॲपलने फायरवायरची जोडणी असलेला आयमॅक डीव्ही हा घरगुती संगणक बाजारात आणला आणि आयमूव्ही त्याच्यासोबतच दिले. आयमूव्ही आणि पुढे छायाचित्रांसाठी आलेले आयफोटो या दोन्हींच्या पहिल्या आवृत्त्यांच्या निर्मितीचे नेतृत्व ग्लेन रीड यांनी केले. यंत्राची मर्यादा मात्र ठळक होती : डीव्ही पद्धतीच्या एका तासाच्या चित्रणाला सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते आणि त्या आयमॅकच्या मूळ प्रतिरूपाची हार्ड डिस्क १० गीगाबाइटची होती. तासाभराची एक अख्खी फीतही तीत मावत नसे, त्यामुळे संकलनाचा पहिला निर्णय, म्हणजे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा, घरच्या माणसाला चित्रण संगणकात उतरवतानाच घ्यावा लागे.

९ जानेवारी २००१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी मांडलेली भूमिका अशी होती की, कॅमेरा, कॅमकॉर्डर, संगीतवादक यांसारख्या अंकीय उपकरणांच्या मध्यभागी घरचा संगणक असावा आणि त्याने या उपकरणांची उपयुक्तता वाढवावी. त्याच दिवशी गाण्यांसाठीचे आयट्यून्स आणि डीव्हीडी तयार करणारे आयडीव्हीडी जाहीर झाले. आयफोटो जानेवारी २००२ मध्ये आले. या आज्ञावलींपैकी काहींची मुळे ॲपलच्या बाहेर होती. आयट्यून्स हे साउंडजॅम एमपी या आधीच्या आज्ञावलीवर उभारलेले होते, आयडीव्हीडीमागे ॲपलने विकत घेतलेल्या आस्तार्ते या जर्मन कंपनीचे तंत्र होते आणि पुढे आलेल्या गॅरेजबँड या संगीतनिर्मितीच्या आज्ञावलीमागे २००२ मध्ये घेतलेली एमॅजिक ही जर्मन संगीत-आज्ञावली कंपनी होती. वेगवेगळ्या हातांनी घडवलेल्या गोष्टींना एकसारखे रूप देणे आणि त्या एकमेकींशी बोलत्या करणे, हेच ॲपलचे खरे काम होते.

२००३ चा पहिला संच ४९ डॉलरला मिळत असे. त्यात आयट्यून्स, आयफोटो, आयमूव्ही आणि आयडीव्हीडी ही चार अंगे होती. त्यांपैकी पहिली तीन इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येत आणि आयडीव्हीडी मात्र खोक्यातच मिळे. संचात खरे नवे काय होते, तर या चौघांमधील दुवा. आयमूव्हीत काम करता करता आयट्यून्समधील गाणे आणि आयफोटोतील छायाचित्र तिथल्या तिथे उचलून घेता येई. आयमूव्हीत पाडलेली प्रकरणे आयडीव्हीडीच्या मेनूत आपोआप उमटत. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली आहे हे लक्षात ठेवण्याची गरज उरली नाही. स्थिर छायाचित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकल्याचा भास निर्माण करणारी सोयही याच आवृत्तीत आली. अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांनी ही शैली लोकप्रिय केली असल्याने तिला त्यांचेच नाव देण्यात आले. आजी-आजोबांच्या जुन्या कृष्णधवल फोटोंना संगीताच्या साथीने हालचाल देणे त्यामुळे काही मिनिटांचे काम झाले.

आयफोटोची रचना या संचाचा स्वभाव सर्वांत स्पष्टपणे दाखवते. कॅमेरा जोडला की त्यातील फोटो एका गटात येत, त्यांना नावे आणि खुणेचे शब्द देता येत, आणि एकच छायाचित्र दहा अल्बमांत ठेवले तरी डिस्कवर त्याची प्रत एकच राही. फोटो कातरला किंवा उजळवला तरी मूळ फाइल बाजूला जपलेली असे आणि केव्हाही तिच्याकडे परतता येई. ज्याच्या हातून घरचा एकुलता एक फोटो बिघडू शकतो अशा नवशिक्यासाठी ही सोय साध्या सुबकतेहून फार मोठी होती. सुरुवातीला काही हजार फोटो झाले की आयफोटो अडखळू लागे. २००४ च्या आवृत्तीत ही मर्यादा २५,००० पर्यंत आणि २००६ मध्ये २,५०,००० पर्यंत नेण्यात आली. कुटुंबांचे संग्रह किती झपाट्याने फुगत होते, याची कल्पना या दोन आकड्यांवरून येते. २००९ मध्ये चेहऱ्यांवरून माणूस ओळखण्याची आणि नकाशावर ठिकाण दाखवण्याची सोय जोडली गेली.

जानेवारी २००४ मध्ये गॅरेजबँड या संचात दाखल झाले. त्यात १,००० हून अधिक तयार सुरावटी आणि तालखंड होते, आणि त्यांपैकी कोणताही तुकडा गाण्याच्या लयीशी व पट्टीशी आपोआप जुळवून घेतला जाई. वाद्य न येणाऱ्यालाही त्यांतून एखादी रचना उभी करता येई आणि वाद्य येणाऱ्याला अनेक पदरांचे ध्वनिमुद्रण घरीच करता येई. २००६ च्या आवृत्तीत पॉडकास्ट तयार करण्याची व्यवस्था आली. त्याच वर्षी घरगुती संकेतस्थळे बनवणारे आयवेब संचात जोडले गेले.

संग्रहाची मांडणी करताना कोणत्या नोंदी महत्त्वाच्या मानल्या जातात, हे, ती मांडणी ठरवणाऱ्याच्या सांगीतिक सवयींवर अवलंबून असते. आयट्यून्सच्या रचनेत कलाकार आणि अल्बम हे मुख्य कप्पे होते. संगीतकारासाठी रकाना होता, गीतकारासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. आकाशवाणीवर गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला भावगीतांचा संग्रह लावताना ही उणीव लगेच जाणवते, कारण त्याच्या मनात गाणे पुष्कळदा कवीच्या नावाने नोंदलेले असते. भारतात आयट्यून्सचे संगीत-दुकान डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत ते एप्रिल २००३ मध्येच उघडले होते. मधल्या काळात मराठी गाण्यांचा संग्रह मुख्यतः सीडीवरून उतरवून घेतलेल्या गाण्यांचाच असे आणि गाण्यांची नावे इंटरनेटवरील सामायिक सूचीतून येत असल्याने ती रोमन लिपीत, ज्याने भरली त्याच्या मर्जीनुसार लिहिलेली सापडत.

ऑगस्ट २००७ मधील आवृत्तीने मोठी नाराजी ओढवून घेतली. ॲपलमधील रँडी युबिलॉस यांनी आयमूव्ही मुळापासून नव्याने लिहिले होते. सुट्टीतील चित्रण झटपट चाळून त्यातून छोटी फिल्म काढणे हे त्याचे उद्दिष्ट होते. परंतु त्यात चित्रणाचे तुकडे क्रमाने मांडून दाखवणारी पूर्वीची कालरेषा नव्हती आणि वापरकर्त्यांच्या हातात बसलेली बरीच साधने वगळली गेली होती. अखेर नवी आवृत्ती घेणाऱ्यांना ॲपलने जुने आयमूव्ही विनामूल्य उतरवून घेण्याची मुभा दिली. घरगुती साधनाबद्दलही माणसांची किती पक्की सवय आणि आपुलकी असते, हे या प्रकरणात दिसले. नवे आयमूव्ही वाईट नव्हते; ते वेगळ्या कामासाठी होते, आणि जुन्याचे नाव त्याला देणे ही चूक होती.

विंडोज संगणकांवर अशी सर्व कामे एकाच संचात बांधलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टचे चित्रफिती संकलनाचे मूव्ही मेकर २००० मध्ये विंडोजच्या ‘मी’ (Me) या आवृत्तीसोबत आले, पिकासा ही छायाचित्रांची आज्ञावली गूगलने २००४ मध्ये घेतली आणि तबकड्या लिहिण्यासाठी नीरोसारख्या आज्ञावली वापरल्या जात. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत विंडोज संगणकच असल्याने लग्न-मुंजीचे फोटो लावणे आणि जुन्या कॅसेटींवरचे चित्रण सीडीवर घेणे ही कामे याच सुट्या साधनांनी झाली.

आयलाइफचे विघटन टप्प्याटप्प्याने झाले. जानेवारी २०११ मध्ये मॅकचे ॲप स्टोअर उघडल्यावर आयफोटो, आयमूव्ही आणि गॅरेजबँड सुटे विकले जाऊ लागले, ऑक्टोबर २०१३ पासून ते नव्या उपकरणांसोबत विनामूल्य मिळू लागले आणि २०१७ मध्ये आयमूव्ही व गॅरेजबँड सर्वच मॅकधारकांसाठी विनामूल्य झाले. एप्रिल २०१५ मध्ये आयफोटोची जागा फोटोज या आज्ञावलीने घेतली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस या मॅकच्या संगणक-प्रणालीच्या कॅटलिना या आवृत्तीबरोबर आयट्यून्सचे संगीत, पॉडकास्ट आणि टीव्ही असे तीन भाग झाले.

या बदलांत कौटुंबिक संग्रहांचे काय झाले, हा प्रश्न संचाच्या इतिहासात कळीचा आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक घटकागणिक वेगळे आहे. आयफोटोचा संग्रह फोटोजमध्ये रूपांतरित करता येतो. त्यातून मूळ फाइली बाहेरही काढता येतात. आयवेबने केलेली अनेक संकेतस्थळे ॲपलच्याच मोबाइलमी सेवेवर ठेवलेली होती. ३० जून २०१२ रोजी ती सेवा बंद झाली तेव्हा ज्यांनी स्थलांतर केले नव्हते त्यांची पाने नाहीशी झाली. आयडीव्हीडीची स्थिती याहून कठीण आहे. त्याने लिहिलेल्या तबकड्या, त्यांवरील रंजकद्रव्याचा थर शाबूत असेल तोवर, बहुतेक डीव्हीडी वादकांवर चालतात. पण मेनू, प्रकरणे आणि मांडणी ज्यात जतन केली आहे ती प्रकल्प-फाइल कॅटलिना किंवा त्यानंतरच्या प्रणालीवर उघडत नाही. ती पाहायची तर कॅटलिनाच्या आधीची मोजावे किंवा त्याहून जुनी प्रणाली असलेला मॅक चालू स्थितीत जपून ठेवावा लागतो.