ग्राफिक्स कार्ड नवं, एफपीएस मात्र तेवढेच?

भाच्याने मागच्या दिवाळीत रायझन ५ २६०० प्रोसेसरवाल्या पीसीत आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि चार दिवसांत फोन, "मामा, कार्ड डिफेक्टिव्ह आलंय, व्हॅलोरंटमध्ये एफपीएस हललेच नाहीत!" एफपीएस म्हणजे गेम सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, पडद्यावर आणतो ते. चित्राच्या सगळ्या सेटिंग लो करून बघितल्या, तरी तेवढेच. म्हटलं अरे, हाच तर पुरावा की कार्ड बिचारं ठणठणीत आहे.

गणपतीचा कारखाना डोळ्यासमोर आणा. एक जण साच्यातून मूर्ती काढतो, दुसरा रंगवतो. गेममध्ये प्रोसेसर म्हणजे साचेवाला, कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, फ्रेममध्ये काय काय काढायचं हे सगळं तो ठरवून देतो, मग ग्राफिक्स कार्ड ते रंगवतं. १४४ एफपीएस हवे असतील तर दोघांनाही एका फ्रेममागे जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. साचेवाल्याला १० लागत असतील तर रंगारी कितीही तयारीचा असू दे, १०० च्या वर आकडा जात नाही, तो ब्रश धुऊन बसून राहणार.

आता रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले ठिपके (पिक्सेल), वाढवलं की काम रंगाऱ्याचं वाढतं, साचेवाल्याचं जवळपास तेवढंच राहतं. १०८०पी मध्ये साधारण २१ लाख पिक्सेल, ४के मध्ये ८३ लाख, म्हणजे चौपट. म्हणून तीच जोडी १०८०पी ला प्रोसेसरवर अडते आणि ४के ला कार्डवर. नेटवर 'हा प्रोसेसर अधिक हे कार्ड म्हणजे इतके टक्के बॉटलनेक (एकामुळे दुसरं अडणं)' असं सांगणारे कॅल्क्युलेटर असतात ना, गेम कुठला ते बघितल्याशिवाय दिलेल्या त्या आकड्याला माझ्या मते काडीचा अर्थ नाही. (कमी रिझोल्यूशनवर फ्रेम काढून मग ती मोठी करणारं डीएलएसएस लावलं तरी भार परत प्रोसेसरकडेच सरकतो, आणि गेममधली गर्दी किंवा रे ट्रेसिंग, म्हणजे खऱ्यासारखा प्रकाश-सावल्यांचा हिशोब, वाढवलं तर दोघांचंही काम वाढतं.)

भाच्याचा पुढचा मुद्दा, "पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतोय की!" इथेच भलेभले फसतात. २६०० ला ६ कोअर, १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या १२ रांगा. गेमचा मुख्य थ्रेड एकच, तो पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात फक्त ८ टक्क्यांची भर दिसते. त्यापेक्षा कार्डचा वापर बघा, एफपीएसला लिमिट लावलेलं नसताना तो ९५ च्या वर असेल तर कार्ड अडतंय, भाच्यासारखा ५०-५५ वर रेंगाळत असेल तर बहुतेक प्रोसेसर.

मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) होता म्हणून वाचलो, त्यावरच रायझन ५ ५६०० बसतो. ५८००एक्स३डी तर अजून भारी, त्यात ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी), म्हणजे रॅमकडे हेलपाटे कमी, पण बजेट नव्हतं. भाच्याला दहादा बजावलं होतं की आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट कर, नाहीतर त्याला नवा प्रोसेसर ओळखता येणार नाही. पठ्ठ्याने थेट नवा प्रोसेसर बसवला, स्क्रीन काळी. मग कूलर काढा, जुना बसवा, अपडेट करा, परत कूलर काढा, आणि तेवढ्यात थर्मल पेस्टची ट्यूब संपली.