मूत्रपिंडाच्या गाभ्यातलं मीठ

‘किडनी साफ करणारे’ काढे, हिरवे रस आणि ‘डिटॉक्स’ पाणी यांच्या जाहिराती एकाच समजुतीवर चालतात: मूत्रपिंड म्हणजे गाळणी, ती वापरून तुंबते, म्हणून अधूनमधून धुवायला हवी. मूत्रपिंड रक्त गाळतं हे खरं, पण गाळणं हा त्याच्या कामातला सोपा भाग. खरी करामत गाळून झाल्यावर सुरू होते.

आधी आकडे पाहू. प्रत्येक मूत्रपिंड साधारण दीडशे ग्रॅमचं, आणि त्यात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म नळ्या. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन अवयवांकडे येतो. नळीच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो. तिथल्या दाबामुळे पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं नळीत उतरतं. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं मागे राहतात. हे मिनिटाला 125 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 180 लिटर! अंगात रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. लघवी मात्र होते दीड लिटरच्या आसपास. बाकी सगळं परत घेतलं जातं.

नळीचा पहिला भाग दोन तृतीयांश पाणी-मीठ आणि जवळपास सगळी साखर परत घेतो. रक्तातली साखर 180 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेली की साखर उचलणारी वाहक प्रथिनं कमी पडतात आणि ती लघवीत दिसू लागते.

पुढचं पाणी परत घेणं मात्र अवघड आहे, कारण पाणी थेट ओढणारा पंप शरीरात कुठेच नाही. पाणी आपलं आपण जातं, आणि जातं ते जास्त विरघळलेले कण असतील त्या बाजूला. म्हणजे लघवीतून पाणी काढायचं, तर नळीभोवती लघवीपेक्षा खारट जागा हवी. रक्ताची तीव्रता सगळीकडे लिटरमागे सुमारे 300 मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजण्याचं माप) असते. मूत्रपिंडाच्या गाभ्यात मात्र ती आत आत वाढत टोकाशी 1200 पर्यंत पोचते. शरीरात इतकी तीव्रता दुसरीकडे कुठे सापडत नाही.

ती तयार होते हेन्लेच्या वळशात. याकोब हेन्ले या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1862 मध्ये त्याचं वर्णन केलं. नळी सरळ गाभ्यात उतरते आणि केसाच्या पिनेसारखी वळून वर येते. उतरत्या बाजूतून पाणी सहज बाहेर जातं. चढत्या बाजूच्या जाड भागातून पाण्याचा थेंबही जात नाही, पण तिथल्या पेशी मीठ उपसून बाहेर टाकतात. अडचण अशी, की या पेशींना आत आणि बाहेर फार तर 200 चा फरक पाडता येतो. मग 300 चे 1200 होतात कसे?

सुरुवातीला सगळीकडे 300 धरा. चढती बाजू मीठ उपसते: तिच्या आत 200, बाहेर 400. बाहेर खारट झाल्यामुळे उतरत्या बाजूतलं पाणी निघून जातं आणि तिथला द्रवही 400 होतो. एवढ्यात वरून नवा द्रव येतो आणि हा 400 चा द्रव वळण ओलांडून चढत्या बाजूत ढकलला जातो. आता उपसा 400 पासून सुरू होतो. फरक तोच 200 चा, पण आत 300 आणि बाहेर 500. पुन्हा उतरती बाजू 500 होते, पुन्हा द्रव पुढे सरकतो. दोन प्रवाह एकमेकांच्या उलट दिशेने शेजारून वाहतात, म्हणून छोटा फरक थरावर थर चढत जातो.

ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे रसायनशास्त्रज्ञ वर्नर कून यांनी 1942 मध्ये मांडली. 1951 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मूत्रपिंडाचे गोठवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली वितळवून पाहिले. टोकाकडे जावं तसं बर्फ अधिकाधिक कमी तापमानाला वितळत होतं. खारट पाण्याचं बर्फ कमी तापमानाला वितळतं, म्हणजे मीठ तिथे साठलेलं होतं! (अगदी टोकाशी नळी पातळ असते आणि तिथे हा उपसा नसतो. तिथली तीव्रता निम्मी युरियामुळे असते आणि ती नेमकी कशी टिकते यावर अजून वाद आहे.)

शेवटी याच खारट गाभ्यातून संग्राहक नलिका जाते. शरीराला पाणी कमी पडलं की मेंदूकडून एडीएच हे संप्रेरक येतं आणि नलिकेच्या भिंतीत अ‍ॅक्वापोरिन नावाची पाण्याची दारं बसवली जातात. पीटर अ‍ॅग्री यांना 2003 चं नोबेल मिळालं ते अ‍ॅक्वापोरिनांच्या शोधासाठी. दारं उघडी असली की पाणी बाहेर जातं आणि लघवी गडद होते. भरपूर पाणी प्यायलं की दारं काढून घेतली जातात आणि लघवीची तीव्रता 50 पर्यंत उतरते.

रोज सुमारे 600 मिलिऑस्मोल टाकाऊ कण बाहेर काढावे लागतात. लघवी 1200 पर्यंत घट्ट करता आली तर अर्धा लिटर पुरते. ती ताकद जाऊन 300 वर अडकली, तर त्याच कामाला दोन लिटर लागतात. जुनाट मूत्रपिंडविकारात रात्री वारंवार उठावं लागतं त्यामागे हेही एक कारण आहे. क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, ज्यावरून गाळण्याची क्षमता जोखतात) तोवर नॉर्मल असू शकतं, कारण गाळण्याची क्षमता निम्म्याने घटेपर्यंत ते अनेकदा मर्यादा ओलांडत नाही.

गाभा खारट ठेवायचा तर तिथे रक्त कमी आणि संथ वाहायला हवं, नाहीतर मीठ वाहून जाईल. त्यामुळे तिथे ऑक्सिजन नेहमीच तुटपुंजा. विदर्भात, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पहिला फटका म्हणूनच अनेकदा इथे बसतो. कमी ऑक्सिजन आणि जास्त खारटपणा यांत लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या बंद पडतात. आजार नसलेल्या, नुसत्या सिकलसेल-वाहकांचीही लघवी घट्ट करण्याची क्षमता घटू शकते. अशा माणसाला उन्हाळ्यात पाणी जास्तच लागतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं गाभ्याचा हा तुटपुंजा रक्तपुरवठा आणखी आवळतात. जुलाब-उलट्या होत असताना ती मनाने घेऊ नयेत.

आता त्या ‘धुण्याबद्दल’. दिवसेंदिवस गरजेपेक्षा खूप जास्त पाणी ढोसल्याने गाभ्यातलं मीठच धुपतं. मूत्रपिंड तासाला फार तर 800 मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतं. त्याहून जास्त भराभर प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरतं. पालकाचे रस रोज रिचवल्याने ऑक्झलेट नळ्यांत साचून मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. मूतखडा झालेल्यांनी मात्र भरपूर पाणी प्यावं. रोज अडीच लिटर लघवी होईल इतकं. हृदय कमकुवत असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आपला गाभा कसा आहे याचा अंदाज लघवीच्या साध्या तपासणीतून मिळतो. रिपोर्टमध्ये ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ (लघवी पाण्याच्या तुलनेत किती घट्ट आहे) ही ओळ बघा. रात्रभर पाणी न पिता दिलेल्या सकाळच्या पहिल्या लघवीत ती साधारण 1.020 च्या वर असावी. दर वेळी 1.010 च्या आसपासच येत असेल, तर क्रिएटिनिन ठीक असलं तरी तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. लघवीत साखर जात असेल तर हा आकडा फुगलेला असू शकतो, तेही त्यांना सांगा.