पट्टा लावूनही कोपराचे बाहेरच्या बाजूचे दुखणे थांबत नसेल, तर

आमच्याकडे कोपराचा पट्टा घ्यायला येणाऱ्या बहुतेक ग्राहकांच्या चिठ्ठीवर ‘टेनिस एल्बो’ असे लिहिलेले असते. त्यांतील फारच थोडे टेनिस खेळतात. पोळ्या लाटणे, ओले कपडे पिळणे, दिवसभर स्क्रू-ड्रायव्हर फिरवणे ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. मनगट वर उचलणारे स्नायू ज्या टेंडनने दंडाच्या हाडाला जोडलेले असतात, ते टेंडन कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापाशी झिजते आणि तेथे दुखू लागते. पट्टा या उंचवट्याच्या साधारण दोन बोटे खाली, स्नायूवर बांधायचा असतो. तो टेंडनवरचा ताण कमी करतो. त्याहून अधिक काही तो करू शकत नाही. बहुतेकांचे हे दुखणे वर्षभरात ओसरते.

ज्यांचे ओसरत नाही, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. अशा काही जणांमध्ये दोष केवळ टेंडनमध्ये नसून सांध्याच्या स्थिरतेत असतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला, त्याच टेंडनच्या खाली, एक लिगामेंट असते. ते दंडाच्या हाडापासून निघून पुढच्या हातातील (कोपर ते मनगट) करंगळीच्या बाजूच्या हाडाला जोडलेले असते आणि जाताना अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या डोक्याला मागून आधार देते. हे लिगामेंट फाटले किंवा सैल पडले, तर हातावर भार येताच पुढच्या हाताची दोन्ही हाडे एकत्रच किंचित बाहेर फिरतात आणि अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे डोके मागे सरकते. ओ’ड्रिस्कॉल, बेल आणि मॉरे या अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी 1991 मध्ये या विकाराचे नेमके वर्णन केले.

लिगामेंट सैल पडण्याचे सर्वांत ओळखीचे कारण म्हणजे पडताना टेकलेला हात. दुचाकीवरून घसरून कोपर निखळले, ते बसवले, प्लास्टर निघाले आणि गोष्ट विसरली गेली, असे पुष्कळदा घडते. दुसरे कारण त्याहून जुने असू शकते: लहानपणी झाडावरून पडून कोपराच्या वरचे हाड मोडले आणि वाकडे जुळले, तर सरळ केलेला हात कोपरापासून शरीराकडे झुकतो आणि बाहेरच्या लिगामेंटवर वर्षानुवर्षे ताण पडत राहतो. टेनिस एल्बोच्या शस्त्रक्रियेत छेद अधिक मागे गेल्यासही हे लिगामेंट दुखावते. आणखी एक कारण आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते, ते म्हणजे त्याच जागी पुन:पुन्हा घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शने. इंजेक्शनाने पहिले काही आठवडे चांगला आराम पडतो, म्हणूनच माणूस पुन्हा घ्यायला जातो. परंतु 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, वर्षअखेर इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये दुखणे उलटण्याचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा बरेच अधिक आढळले.

दोन्ही दुखण्यांची जागा एकच असली, तरी तक्रारी वेगळ्या असतात. सैल सांध्यात कोपर सरळ करताना आत काही तरी ‘कट्’ वाजते, अडकल्यासारखे होते किंवा हात दगा देईल अशी धास्ती वाटते. खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठताना ही धास्ती विशेष जाणवते. तळहात वर ठेवून भार उचलतानाही तसेच होते, आणि येथे एक पेच आहे: टेनिस एल्बोच्या रुग्णाला वस्तू तळहात वर ठेवून उचलण्याचा सल्ला दिला जातो, तर सैल सांध्याला तीच स्थिती घातक ठरते. हा सल्ला पाळूनच आपले दुखणे वाढत असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

तपासताना अस्थिरोगतज्ज्ञ रुग्णाला टेबलाच्या कडेवर एका हाताने भार देऊन कोपर हळूहळू वाकवायला सांगतात. थोडे वाकताच दुखले, आणि डॉक्टरांनी अंगठ्याने हाडाचे डोके मागून दाबून धरल्यावर तीच हालचाल वेदनेशिवाय झाली, तर संशय बळावतो. ही तपासणी घरी करू नये. एक्स-रे पुष्कळदा निर्दोष येतो आणि एमआरआयमध्येही सैलपणा निसटू शकतो. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढ्यावर विषय संपत नाही. मानेत किंवा पुढच्या हातात दबलेली नसही याच जागी दुखवते, तिचाही विचार डॉक्टर करतात.

सैलपणा थोडा असल्यास बिजागरीचा ब्रेस आणि पुढच्या हाताच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम यांनी निभावते. हात खांद्यातून बाजूला उचलून वस्तू घेतली की हाताच्या स्वतःच्या वजनानेच लिगामेंट ताणले जाते, म्हणून कोपर अंगालगत ठेवावे. एवढ्याने भागत नसेल, तर लिगामेंट शिवण्याची किंवा रुग्णाच्याच शरीरातील टेंडन वापरून नवे तयार करण्याची शस्त्रक्रिया करतात.

बिजागरीचा ब्रेस आम्ही केवळ डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरूनच देतो, कारण तो किती अंशांत अडवायचा हे त्यांनीच ठरवायचे असते. आमच्या दृष्टीने, तिसरा पट्टा विकत घेण्यापेक्षा ते पैसे तपासणीसाठी खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे. डॉक्टरांकडे जाताना जुने एक्स-रे आणि इंजेक्शनांच्या तारखा सोबत न्याव्यात, आणि लहानपणी हात मोडला असल्यास तेही सांगावे.