पार्श्वभूमी : ११ वेळा आमदार, पण वर्षं किती?

शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) सांगोल्याचे नेते भाई गणपतराव देशमुख यांचं नाव निघालं की दोन आकडे पाठोपाठ येतात, शिवाय ‘सलग’ आणि ‘देशात विक्रम’ हे शब्दही जोडले जातात. ११ वेळा आमदार आणि ५४ वर्षं विधानसभेत. पहिला आकडा पक्का आहे, दुसरा काही केल्या जुळत नाही.

१९६२ला ते सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले, १९६७ला पुन्हा. १९७२ला हरले. जिंकलेल्या आमदारांचं निधन झालं, १९७४ला पोटनिवडणूक लागली आणि जागा परत मिळाली. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ला अवघ्या १९२ मतांनी गेली. १९९९ ते २०१४ या चार निवडणुका पुन्हा त्यांच्याच. अकरा भरले. पण १९६२ ते २०१९ या ५७ वर्षांतून त्या दोन पराभवांची सहा-साडेसहा वर्षं वजा केली, तर हातात पन्नास-एकावन्न उरतात. ‘सलग’ हा शब्द तर सरळ चुकीचा. सलग म्हणावं असं १९७४ ते १९९५ आणि १९९९ ते २०१९, एवढंच.

‘देशात विक्रम’ हेही तपासूनच घ्यावं. तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी १९५७पासून आमदारकीला कधीच पडले नाहीत. २०११लाच त्यांची बारावी खेप झाली होती, अर्थात मतदारसंघ बदलत बदलत. केरळात पाला मतदारसंघाचे आमदार के. एम. मणी मात्र एकाच जागेला चिकटून होते. त्यांचा १९६५चा विजय धरायचा की नाही, हा वेगळाच पेच, कारण ती विधानसभा भरलीच नाही. धरला तर २०१४ला ते देशमुखांच्या पुढे होते, सोडला तर बरोबरीत; २०१६नंतर दोन्ही हिशेबांनी पुढे. म्हणजे विक्रम महाराष्ट्रापुरता. तेवढाही काही थोडाथोडका नाही.

आकड्यांच्या या भाऊगर्दीत मागे पडते ती गोष्ट जास्त दुर्मीळ आहे. अकराही वेळा पक्ष तोच, लाल बावट्याचा शेकाप. राज्यात तो आक्रसत गेला, बरोबरीचे अनेक जण काँग्रेसच्या वळचणीला गेले, हे गेले नाहीत. त्यामुळे कारकिर्दीचा बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला. मंत्रिपद दोनदाच आलं, १९७८च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९च्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या लोकशाही आघाडीत. दुसरं तर २००२ला पक्ष आघाडीतून बाहेर पडला तेव्हा सुटलं. भांडण होतं राष्ट्रवादीशी, रायगडातलं; किंमत मोजली सांगोल्याने.

मतदारसंघ दुष्काळी. मंत्रालयात वजन नसलेल्या आमदाराने तिथे काय केलं, तर सहकारी सूतगिरणी उभी केली आणि पाण्याचा धोशा लावला. आटपाडीच्या पाणी परिषदेत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या मागण्या वर्षानुवर्षं मांडल्या गेल्या, त्यात ते होते. कृष्णेचं पाणी टेंभू योजनेतून उचलून या बाजूला आणायचं, हा त्यातला मुख्य मुद्दा. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांचं कौतुक पुष्कळ झालं. पाण्यासाठीच्या खेपांचा हिशेब तितका कोणी ठेवला नाही.

वयामुळे २०१९ला ते थांबले. उमेदवारी नातवाला मिळाली आणि जागा ७६८ मतांनी गेली. ती नेली १९९५ला हरवणाऱ्याच प्रतिस्पर्ध्याने, शहाजीबापू पाटलांनी. फरक बरोबर चौपट, हा निव्वळ योगायोग. हेच आमदार पुढे २०२२ला शिवसेनेच्या बंडावेळी गुवाहाटीतून फोनवर केलेल्या ‘झाडी-डोंगारा’च्या वर्णनामुळे घराघरांत पोचले. आबासाहेब, म्हणजे गणपतराव, त्याआधीच, ३० जुलै २०२१ला गेले होते.

२०२४ला दुसरे नातू उभे राहिले. महाविकास आघाडीत असूनही मित्रपक्षाने त्यांच्यासमोर उमेदवार दिला, त्यामुळे लढत तिरंगी झाली. नातू निवडून आले. त्या निवडणुकीत राज्यभरात पक्षाला मिळालेली ही एकुलती एक जागा.